मूळ सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटार) मिळणं बंद झालंय, पर्यायी बसवतोय: कामाच्या नोंदी

४ जानेवारी

गाडी जुनी, चार सिलिंडर पेट्रोल, कार्ब्युरेटर, सीबी पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा यांत्रिक खटका), मॅन्युअल गिअर. तक्रार अशी की इंजिन थंड असताना अर्ध्या चावीत सुरू होते. फिरून आलं, बंद केलं, दहा मिनिटांनी परत चावी फिरवली की एकच ‘टक्’ आणि पुढे शांतता. तासभर उभी ठेवली की परत शहाण्यासारखी सुरू.

आवाज नीट ऐकून घेतला. सलग टकटकटक असता तर बॅटरी किंवा केबलवर संशय घेतला असता. त्यात सोलेनॉइड (सेल्फवरचा विद्युतचुंबक, तो मोटारीला करंट जोडतो आणि तिचं दातेरी चाक पुढे ढकलतो) ओढला जातो, मोटार करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो आणि तेच चक्र परत चालू होतं. इथे टक् एकच आहे आणि चांगला दणकट आहे. म्हणजे सोलेनॉइड ओढला जातोय, पुढचं काही होत नाही. हेडलाइट लावून चावी फिरवली तर दिवे जेमतेम हलले. शंभराच्या वर अँपिअर खाणारी मोटार सुरू होत असेल तर दिवे असे ढिम्म राहत नाहीत. नवीन बॅटरी घ्यायचा विचार इथेच बाद.

७ जानेवारी

गरम इंजिनवर मोजमाप. क्रोकोडाइल क्लिप लावलेल्या लांब वायरी सेल्फच्या टर्मिनलवरून वर बॉनेटपर्यंत काढल्या, म्हणजे चावी फिरताना कोणी गाडीखाली नको. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, ठिणगीच्या कॉइलची वायर काढलेली, म्हणजे इंजिन पेटणार नाही. भाचा चावीवर.

“मामा, मारू?”

“मार. धरून ठेव... सोड.”

बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्ट, टक् होताना १२.३. चावीकडून येणाऱ्या ५० नंबरच्या टर्मिनलवर ११.१, म्हणजे चावीचा स्विच आणि त्याची वायर ठणठणीत. बॅटरीची जाड केबल येते त्या ३० नंबरवर १२.३. आणि सोलेनॉइडमधून मोटारीकडे जाणाऱ्या बोल्टवर फक्त ०.३.

या शेवटच्या आकड्यात निकाल आहे. तिथे बारा दिसले असते आणि मोटार फिरली नसती, तर दोष कार्बनचा (मोटारीत करंट पोचवणारे ब्रश) किंवा कम्युटेटरचा (ते ज्यावर घासतात तो फिरता तांब्याचा भाग). इथे आतली तांब्याची चकती दोन्ही बोल्टांना जोडतच नाहीये. जे ०.३ दिसतात ते सोलेनॉइडच्या ओढणाऱ्या गुंडाळीचे; तिचं दुसरं टोक मोटारीतून अर्थ होतं, म्हणून तेवढा करंट मोटारीतून झिरपतो.

फक्त गरम झाल्यावरच का, याचंही उत्तर याच गुंडाळीत आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कुशीत बसलेला सेल्फ साठ अंशांनी तापला तर रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो, करंट त्या मानाने घटतो आणि चकती दाबणारा जोरही कमी पडतो. चकती आणि बोल्टांची तोंडं नवी असती तर एवढ्या जोरातही भागलं असतं. जळून खड्डे पडलेल्या तोंडांना भागत नाही.

१२ जानेवारी

सेल्फ उतरवला. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. ३० नंबरची केबल कायम जिवंत असते आणि तिच्या वाटेत फ्यूज नसतो. तिच्या नटावर लावलेला पाना इंजिनला टेकला तर पाना वेल्डिंगचा रॉड होतो.

पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवला, मागच्या चाकांना ठोकळे लावले. खालचा बोल्ट सरळ निघाला. वरच्याला रॅचेट, लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट, तोही डोळ्यांनी न बघता बोटांनी चाचपून. बोल्ट हलायला नकार देत होता. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवण्यापेक्षा आधी थोडा घट्ट दिशेला हलवला, कट् आवाज झाला, मग उलटा फिरवला. सुटला.

सोलेनॉइडवर जाड केबल आणि ५० नंबरची वायर या दोनच अपेक्षित होत्या. तिसरी एक बारीक वायर निघाली, कॉइलच्या दिशेने जाणारी. चिकटपट्टी लावून नाव लिहिलं, फोटो काढला. ही वायर पुढे महत्त्वाची ठरणार.

बेलहाउसिंगचं (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं आवरण, सेल्फ त्यावरच बसतो) भोक उघडं पडलंय तर रिंग गिअरही, म्हणजे सेल्फ ज्याला फिरवतो ते फ्लायव्हीलवरचं दातेरी कडं, बघून घेतला. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवत, टॉर्चच्या उजेडात एकेक दात. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे ठरावीक दोनच जागी येऊन थांबतं, त्यामुळे झीजही समोरासमोरच्या दोन पट्ट्यांतच सापडते. तशीच सापडली. दातांच्या पुढच्या कडा किंचित बोथट, पण तुटलेला किंवा अर्धा खाल्लेला दात एकही नाही. रिंग राहील. ती खराब असती तर गिअरबॉक्स उतरवावा लागला असता आणि या नोंदी वेगळ्याच झाल्या असत्या.

१३ जानेवारी

सेल्फ उघडला. चकतीच्या कडा काळ्या, एका बोल्टचं तोंड तिरकं झिजलेलं. एवढंच असतं तर चकती आणि बोल्ट बदलून मोकळा झालो असतो. पण पुढचं बुश इतकं ढिलं आहे की शाफ्ट बोटाने हलतो, आणि आर्मेचरच्या, म्हणजे मोटारीच्या फिरत्या गाभ्याच्या, अंगावर एका बाजूला चकचकीत ओरखडे आहेत. म्हणजे फिरताना ते पोलच्या लोखंडाला घासतंय. कार्बन संपत आलेत, कम्युटेटर मधोमध खोलगट.

दुरुस्ती होऊ शकते, पण बुश, कार्बन, चकती आणि कम्युटेटरची लेथवरची सफाई एवढं सगळं करूनही आर्मेचरच्या घासलेल्या पत्र्यांचं काय करायचं हा प्रश्न उरतो. नवा घ्यायचा ठरलं. मूळ नंबरचा नग कंपनीने बनवणं कधीच बंद केलंय.

१९ जानेवारी

पर्यायी भागांच्या यादीत माझ्या गाडीसमोर दोन नंबर आहेत. दोन्हींपुढे ‘बसतो’ असं लिहिलंय. यादीवर माझा राग नाही, पण तिने फ्लँज (बेलहाउसिंगला टेकणारं सेल्फचं तोंड) आणि दात जुळवले की तिचं समाधान होतं. माझं होत नाही. जुना सेल्फ टेबलावर ठेवून व्हर्निअरने सगळं मोजून काढलं आणि दोन्ही पर्यायांच्या मापचित्रांशी ताडून पाहिलं.

सुरुवात फिरण्याच्या दिशेपासून. जुन्याचं पिनिअन (रिंगमध्ये अडकणारं छोटं दातेरी चाक) हाताने फिरवलं, एका बाजूला मोकळं फिरतं, दुसऱ्या बाजूला अडतं. मोकळी बाजू तीच मोटारीची दिशा, कारण इंजिन पेटून रिंग पिनिअनपेक्षा जोरात फिरू लागली की पिनिअनमागच्या एकदिशा क्लचने त्याच दिशेला सुटायचं असतं. पिनिअनकडून बघता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. दोन्ही पर्याय तसेच.

दात ९. नुसती संख्या जुळून उपयोग नाही, दाताचा आकारही तोच हवा. चित्रातला बाहेरचा व्यास जुन्याशी ०.१ मिमीच्या आत जुळतो, पण खरी खात्री नग हातात आल्यावरच होईल.

मग फ्लँजची गोल कॉलर, जी बेलहाउसिंगच्या भोकात शिरते. बोल्ट फक्त आवळून धरतात. पिनिअन आणि रिंग यांच्यातलं अंतर ठरतं ते या कॉलरने. ती अर्धा मिमी लहान असती तर बोल्ट लागले असते, सेल्फ घट्ट बसला असता, आणि दातांची जुळणी नशिबावर गेली असती. दोन्ही पर्यायांत कॉलर बरोबर आहे. बोल्टांचं अंतरही बरोबर. फ्लँजची भोकं जुन्यात साधी आणि आटे बेलहाउसिंगमध्ये आहेत, तीच रचना दोन्हींत. हे मुद्दाम बघितलं, कारण त्याच चेहऱ्याचे काही सेल्फ आटे पाडलेल्या भोकांचे येतात आणि त्यांना बोल्ट उलट्या बाजूने लागतो.

आता जिथे दोघांची वाट वेगळी होते ते माप. बेलहाउसिंगच्या तोंडापासून रिंग गिअरच्या कडेपर्यंतची खोली व्हर्निअरच्या दांडीने मोजली: २४.० मिमी. जुन्याचं पिनिअन आराम स्थितीत फ्लँजपासून २०.५ वर थांबतं, म्हणजे मध्ये साडेतीन मिमी मोकळे. पहिल्या पर्यायाचं पिनिअन २३.२ वर थांबतं. उरले ०.८. कागदावर बसतो, गाडीत फ्लायव्हील जरा डुललं, क्रँकच्या एंड-प्लेने (पुढे-मागे सरकायच्या मोकळिकीने) रिंग किंचित पुढे सरकली, की चालू इंजिनमध्ये रिंग पिनिअनला चाटत राहणार. फ्लँजखाली शिम (पातळ पत्रा) घालून मागे सरकवता येतो, पण मग कॉलरची पकड कमी होते. हा बाद.

दुसऱ्याचं २१.८. म्हणजे २.२ मिमी मोकळे. जुन्यापेक्षा कमी, पण पुरेसे. सोलेनॉइडने ढकलल्यावर हे पिनिअन ३४.५ पर्यंत जातं. रिंगची रुंदी १० मिमी, म्हणजे ती २४ ते ३४. दात पूर्ण रुंदीत बसतात. हाच घ्यायचा.

हा पर्याय जुन्याच्या जातीचा नाही हेही लिहून ठेवतो. जुना थेट चालणारा, फील्ड कॉइलवाला (कायम चुंबकांऐवजी तारेच्या गुंडाळ्या), ०.८ किलोवॉट. नवा कायम चुंबकांचा, आत प्लॅनेटरी गिअर असलेला, १.० किलोवॉट. मोटार छोटी, ती जोरात फिरते आणि गिअर तो वेग उतरवून पिनिअनला ताकद देतो. बॅटरीवर भार कमी पडायला हवा. बघू.

२८ जानेवारी

नग आला. वजनकाट्यावर जुना ६.४ किलो, नवा ३.६.

दातांची खात्री केली. मऊ प्लॅस्टिसिनची पट्टी घेऊन जुनं पिनिअन तिच्यावरून दाबत लोळवलं, मग त्याच ठशांतून नवं. शेवटच्या ठशापर्यंत दात ठशात बसत गेले, कुठे चढला नाही की मध्ये फट राहिली नाही. दाताचं माप वेगळं असतं तर तीन-चार ठशांतच फरक साठून दिसला असता.

वाईसमध्ये धरला तो फ्लँजने. मोटारीच्या नळकांड्याला वाईसचा दाब द्यायचा नाही, आत फेराइटची चुंबकं चिकटवलेली असतात, ती तडकतात. सेल्फ अडला की पान्याने दोन ठोके द्यायची सवय असते आपल्यात बऱ्याच जणांना. फील्ड कॉइलच्या जुन्या सेल्फने ते सहन केलं, हा करणार नाही. भाच्याला सांगून ठेवलंय.

जम्पर केबलने चालवून पाहिला. पिनिअन झटक्यात बाहेर, आवाज जुन्यासारखा घरघरीत नाही, बारीक, उंच. बिनभार करंट क्लँप मीटरवर साठच्या आसपास. पाच-सात सेकंदांत बंद केला. बिनभार सेल्फ जास्त वेळ पळवायचा नसतो.

२ फेब्रुवारी

तिसऱ्या वायरीचा विषय. नव्या सोलेनॉइडवर तिच्यासाठी जागाच नाही.

वायर कॉइलच्या पॉझिटिव्हपर्यंत जाते. ही गाडी बॅलास्टवाली: चावीकडून कॉइलला येणारा करंट एका रेझिस्टरमधून येतो, त्यामुळे इंजिन चालू असताना कॉइलला बारापेक्षा बरेच कमी व्होल्ट मिळतात. सेल्फ मारताना बॅटरी खाली येते, अशा वेळी ठिणगी कमजोर पडू नये म्हणून जुना सोलेनॉइड तेवढ्यापुरता रेझिस्टर टाळून कॉइलला थेट बॅटरी देत होता. ते टर्मिनल नसेल तर सेल्फ कितीही जोरात फिरो, थंडीतल्या सकाळी इंजिन पेटायला कुरकुर करणार. शिवाय माझ्या चावीच्या स्विचची तपासणी केली तर ‘स्टार्ट’ला रेझिस्टरची लाइनही बंद होते. म्हणजे ही वायर सोडून दिली तर सेल्फ फिरत असताना ठिणगी शून्य, आणि इंजिन पेटलंच तर चावी सोडतानाच्या क्षणी.

सोपी वाटणारी युक्ती म्हणजे ही वायर ५० नंबरलाच जोडून टाकायची. ती करायची नाही. मग चावी सोडल्यावरही कॉइलकडचे व्होल्ट उलटे ५० नंबरवर येतात आणि सोलेनॉइडला पूर्ण सुटू न देण्याचा धोका राहतो. मध्ये जाड डायोड घालून भागतं. मी रिले घातला, कारण डायोडवर जाणारे पाऊण व्होल्ट मला नेमके सेल्फ मारतानाच हवे आहेत.

जोडणी: रिलेचा ८६ हा ५० नंबरच्या वायरीवर, ८५ अर्थ, ३० बॅटरीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमार्गे, ८७ कॉइलच्या पॉझिटिव्हला. चावी स्टार्टला असेपर्यंतच रिले लागतो. सोडली की कॉइल परत बॅलास्टवर. रिले फायरवॉलजवळ, पाणी उडणार नाही अशा उंचीवर, तोंड खाली करून.

४ फेब्रुवारी

बसवला. आधी बेलहाउसिंगचं तोंड वायर ब्रशने उघडं केलं आणि नव्या फ्लँजवरचा रंग टेकण्याच्या जागेपुरता खरवडला. सेल्फला वेगळी अर्थ वायर नसते; फ्लँज, बेलहाउसिंग, इंजिन आणि तिथून बॉडीकडे व बॅटरीकडे जाणारी पट्टी, हाच परतीचा रस्ता. रंगावर बसवलेला नवा सेल्फ जुन्यासारखाच रुसतो.

हलका असल्यामुळे एका हाताने धरून दुसऱ्या हाताने बोल्ट लावता आला. जुन्याच्या वेळी छातीवर तोलून धरावा लागला होता. दोन्ही बोल्ट आधी हाताने पूर्ण आत, कॉलर भोकात सपाट टेकली याची खात्री, मगच आवळणी. एम-१० चे बोल्ट, ४५ न्यूटन-मीटर.

अडचण आली ती सोलेनॉइडच्या कोनाची. तो जुन्यापेक्षा इंजिनच्या बाजूला कललेला आहे, त्यामुळे केबलची लग (टोकाची धातूची कडी) सरळ लावली तर तिची कड ब्लॉकपासून नखभर अंतरावर येते. इंजिन हलतं, केबल हलते. नखभर पुरत नाही. लग खालच्या दिशेला वळवली, तिच्यावर रबराचं टोपण चढवलं, आणि केबलला बेलहाउसिंगच्या एका रिकाम्या आट्यावर क्लिप दिली. आता बोट जातं एवढी जागा आहे. ५० नंबरला जुना चपटा खटका होता, नव्यावर बारीक बोल्ट आहे. वायरीला गोल लग क्रिम्प करून हीट श्रिंक चढवली.

जाड केबलचा नट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरला. न धरता आवळलं तर बोल्ट बॅकेलाइटच्या झाकणात फिरतो आणि झाकणाला चीर जाते.

५ फेब्रुवारी

बॅटरी जोडली, कॉइलची वायर काढूनच ठेवली, आधी नुसता फिरवून आकडे घेतले.

“मामा, हा तर शिट्टी वाजवल्यासारखा फिरतो!”

“वाजू दे. पाच सेकंद धर आणि सोड.”

फिरताना बॅटरी १०.९, जुना चांगला असतानाच्या माझ्या नोंदीत १०.२ आहे. करंट स्थिरावल्यावर १३० अँपिअर, जुन्याचा १९० होता. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ३० नंबरपर्यंत मध्ये हरवलेले व्होल्ट ०.२. अर्ध्या व्होल्टच्या आत हवेत, ठीक. सेल्फच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मात्र ०.४, हे जास्त. परतीच्या रस्त्यावर ०.२ च्या वर मला चालत नाही. इंजिनची विणलेली अर्थ पट्टी काढली तर लगखाली हिरवट थर. पॉलिश पेपरने घासून परत बसवली: ०.०८.

कॉइल जोडली. चावी फिरवली आणि दुसऱ्या फेरीला इंजिन पेटलं. सेल्फ मारताना कॉइलवर १०.७, सोडल्यावर बॅलास्टचे नेहमीचे. रिले बरोबर सुटतोय.

रिंगच्या चार-पाच दातांवर मार्कर फासून ठेवला होता. खालचं पत्र्याचं झाकण काढून बघितलं, शाई दातांच्या मध्यभागी पुसली गेलीय, टोकाला किंवा मुळाशी नाही.

१८ फेब्रुवारी

खरी परीक्षा गरम इंजिनची. चढावर मुद्दाम ताणून आणली, बंद केली, बॉनेट लावून उभी ठेवली. बंद केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं सेल्फ अजून तापतच असतो, कारण हवा थांबते आणि मॅनिफोल्डची उष्णता तिथेच कोंडते. जुना नेमका याच वेळात अडायचा. नवा अडला नाही.

तरी उष्णता अडवणारा पत्रा तसाच सोडायचा नव्हता. मूळ पत्रा जुन्या सेल्फच्या मागच्या बोल्टांवर लागायचा. नव्याला ते बोल्ट वेगळ्या जागी आहेत. त्यांना हात लावला नाही, तेच मोटारीचं झाकण आवळून धरतात. इंजिन ब्लॉकच्या एका आट्यावरून पट्टी वाकवून आणली आणि पत्रा तिच्यावर टांगला. सेल्फ आणि पत्रा यांच्यात दोन बोटं हवा.

१० मार्च

दोन्ही बोल्ट टॉर्क रेंचने तपासले, ढिले नाहीत. ३० नंबरच्या नटावर रंगाची रेघ मारून ठेवली. गाडीच्या फाइलमध्ये नव्या नगाचा नंबर, पिनिअनचं २१.८ चं माप, रिलेची जागा आणि फ्यूज किती अँपिअरचा, एवढं लिहिलं. रिले मूळ वायरिंगच्या नकाशात नाही, पुढे कोणी शोधत बसायला नको. पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी नटावरची रेघ सरकलीय का ते बघायचं.